चालते आहे तोवर

दिवाळीआधीचा आठवडा म्हणजे आपल्या घरांतले एक लहानसे न्यायालयच असते. माळ्यावरच्या वस्तू एकेक करून खाली उतरतात आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न उभा राहतो : हिला ठेवायचे की काढायचे? तांब्याचा बंब, पाय मोडलेले स्टूल, कुणाच्या तरी लग्नातली पत्र्याची पेटी – प्रत्येकीची बाजू मांडायला घरातले कुणी ना कुणी पुढे येतेच, आणि बहुधा निकाल वस्तूच्या बाजूने लागतो.

या न्यायालयापुढे कधीच न येणारी एक वस्तू मात्र आज जळगावच्या नव्या वसाहतींत आणि धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत सारखीच आढळते. दाराजवळच्या भिंतीवर किंवा टीव्हीच्या मागे ती धूळ खात बसलेली असते. तिच्यावर चार हिरवे दिवे लुकलुकत असतात. केबलच्या किंवा टेलिफोनच्या तारेतून आलेला इंटरनेटचा संदेश घरातल्या यंत्रांना कळेल असा करणारा मोडेम आणि तो घरभर वाटून देणारा राऊटर अशी ही जोडी. पुष्कळदा एकाच पेटीत नांदणारी. ती आता बदलावी काय, असे विचारले तर घरातले वडीलधारे माणूस सहज म्हणेल, “चालस ना, मंग ऱ्हाऊ दे!”

या उत्तराला हसण्याचे कारण नाही. त्यात अनेक पिढ्यांचे शहाणपण आहे. लुगडे विरले की त्याची गोधडी होते, आणि गोधडी फाटली की तिचे पायपुसणे. वस्तू म्हातारी झाली म्हणून तिला घराबाहेर काढायचे नाही, तिला हलके काम द्यायचे, ही आपल्या आयाबायांची रीत. जळगावच्या सराफ बाजाराचे नाव सोन्यासाठी. पण सराफीच्या धंद्यात दुकानातला केरसुद्धा वाया जात नाही, झारेकरी तो धुऊन सोन्याचा कण वेगळा काढतो. धुळ्याची गोष्ट तर आणखी निराळी. इतरांना जी रद्दी वाटत होती तिच्यासाठी गावोगाव हिंडलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली या शहरात देह ठेवला, आणि त्यांचे कार्य पुढे चालावे म्हणून १९२७ साली येथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा मुलखात ‘जुने टाका, नवे घ्या’ हा उपदेश चटकन पटू नये, हेच ठीक. त्यातून हा उपदेश करणारा बहुधा नवे विकणाराच असतो.

तथापि जुनेपण एकाच जातीचे नसते. एक जुनेपण मंदपणाचे. भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा २००५ साली सुरू झाली तेव्हाच्या वेगाला आजची मुले गोगलगाय म्हणतील. पण घरातल्या आजींना पुण्याच्या नातवाचा चेहरा दिसला आणि आजोबांना केळीचे भाव कळले की पुरे होत असेल, तर मंद पेटी ठेवण्यात काहीच गैर नाही. गैरसोय आपली, ती सोसायची की नाही हे ठरवणारेही आपणच. येथे काटकसर हा निखळ सद्गुण आहे.

दुसरे जुनेपण डोळ्यांना दिसत नाही. राऊटर हा वस्तुतः एक लहानसा संगणकच असतो. त्याच्या आत आज्ञावली असते, आणि माणसाने लिहिलेल्या कोणत्याही आज्ञावलीप्रमाणे तिच्यात उणिवा राहून गेलेल्या असतात. त्या सापडतील तसतशा कंपनीने दुरुस्त्या पाठवायच्या, असा रिवाज आहे. काही वर्षांनी कंपनी जुन्या नमुन्यासाठी दुरुस्त्या पाठवणे थांबवते. त्या दिवशी पेटीत काहीच बदल होत नाही. दिवे हिरवेच राहतात, चित्रपट पूर्वीसारखाच दिसतो. परंतु त्यानंतर सापडलेले प्रत्येक भगदाड कायमचे उघडे राहते. पेटी चालत असते. राखण मात्र थांबलेली असते.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने घरोघरचे कॅमेरे आणि राऊटर लाखांनी ताब्यात घेतले. त्यासाठी फार मोठी विद्या लागली नाही. कारखान्यातून आलेला सांकेतिक शब्द लोकांनी बदललाच नव्हता, एवढेच पुरले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीवर मागण्यांचा मारा केला. संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणे हे त्या कंपनीचे काम. ते कोलमडले, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे असंख्य लोकांना काही तास दिसेनाशी झाली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने दुरुस्त्या बंद झालेल्या जुन्या राऊटरांबद्दलच खास इशारा दिला : गुन्हेगार अशा पेट्यांत शिरतात आणि स्वतःची ओळख लपवण्यासाठी दुसऱ्याच्या घराचा पत्ता पुढे करतात. दरोडा कुठेतरी पडतो आणि पावलांचे ठसे मात्र एखाद्या निरुपद्रवी कुटुंबाच्या अंगणात उमटतात!

येथे प्रश्नाचे रूपच पालटते. ‘माझी वस्तू, मी ठेवीन’ हे म्हणणे माझ्या भिंतीच्या आत खरे आहे. पण राऊटर भिंतीच्या आतला नव्हे. तो उंबरठ्यावरचा आहे. धुळे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पांझरेच्या काठी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली फड पद्धती याच भेदावर उभी आहे. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा, पाणी पाटकऱ्याने पाळीप्रमाणे द्यायचे आणि पाटातला गाळ सर्वांनी मिळून काढायचा. शेत माझे असले, तरी माझ्या बांधाजवळ फुटलेली चारी ही माझी खाजगी बाब राहत नाही. तिने खालच्या शेताचे पाणी तुटते. चारी न बुजवणाऱ्याने आपण दोन दिवसांची मजुरी वाचवली असे म्हणावे, आणि त्याला काटकसर हे नाव द्यावे, हे कोणत्याही फडात कुणी मान्य करणार नाही.

मला वाटते, काटकसरीची खरी कसोटी हीच. वाचवलेल्या पैशाची झीज मी सोसत असेन, तर ती काटकसर. ती झीज न विचारता दुसऱ्याच्या अंगावर टाकत असेन, तर ती परभारे केलेली उचल होय.

यावर एक रास्त आक्षेप येईल. पेटी म्हातारी केली कंपनीने, मग दंड गृहस्थाने का भरावा? मोलमजुरीच्या घरात हजार-दीड हजार रुपये म्हणजे सणाचा किराणा असतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर गृहस्थाला उपदेश करून देता येणार नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे आधी सांगावे लागते, आणि सर्वांना एकच सोपा सांकेतिक शब्द लावून यंत्रे विकता येत नाहीत. युरोपीय संघानेही २०२४ साली असा कायदा केला आहे. ग्राहकाने दुकानात वेगाइतक्याच आग्रहाने ‘दुरुस्त्या किती वर्षे?’ असे विचारले पाहिजे. पेटी केबलवाल्याची असेल, तर ती बदलून मागावी. जाणकारांना आणखी एक वाट आहे : ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही खुली, फुकट आज्ञावली काही जुन्या राऊटरांना चालते आणि त्यांचे आयुष्य वाढवते. हीच त्या पेटीची गोधडी म्हणायची! पण अन्याय कंपनीचा असला, तरी उघडे भगदाड शेजाऱ्याच्याच वाट्याला येते, हे त्याने बदलत नाही.

आणि पेटी काढलीच, तर कर्तव्य तेथे संपत नाही. आतली नोंद पुसून ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेलेल्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, आणि पाटीवरचे कणभर सोने आम्लात बुडवून काढले जाते. सुवर्णनगरीला सोन्याचे मोल सांगायला नको. पण ते सोने कुणाच्या फुप्फुसांच्या मोलाने निघते, हेही त्याच तराजूत घातले पाहिजे.

तेव्हा यंदाच्या आवराआवरीत ही पेटीही एकदा खाली उतरवावी. उलटी करून तिचा नमुना वाचावा, दुरुस्त्या अजून येतात काय ते पाहावे, कारखान्याचा सांकेतिक शब्द बदलावा. दुरुस्त्या येत असतील, तर धूळ पुसून पुन्हा खुशाल भिंतीवर लावावी. मंद असली तरी ती आपलीच आहे. येत नसतील, तर मात्र ‘चालते आहे’ एवढी साक्ष पुरेशी मानू नये. राखणदार जागेवर उभा आहे एवढे पाहून भागत नाही; तो जागा आहे की नाही, हे विचारणे घरधन्याचेच काम आहे.