‘कधी चालू, कधी बंद’ यंत्र आणि कारणाचा प्रश्न

डेस्कटॉप संगणक मुळीच चालू होत नसेल तर दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. बिघाड एका जागी ठाण मांडून असतो. एकेक भाग तपासत गेले की सापडतो. खरी पंचाईत करतो तो सकाळी बटण दाबल्यावर पंख्याची एक गिरकी घेऊन थांबणारा आणि दुपारी काही झालेच नाही अशा थाटात चालू होणारा संगणक. तो प्रत्येक उपायाला यश देतो. प्लग काढून पुन्हा बसवला, चालू झाला. कॅबिनेटला चापट मारली, चालू झाला. काहीही न करता अर्धा तास थांबले, तरी चालू झाला. यातले कारण कोणते, हा प्रश्न कारागिराइतकाच तत्त्वज्ञाचाही आहे, आणि भारतीय परंपरेत त्याची सर्वांत बारीक चिरफाड नैयायिकांनी केली आहे.

न्यायमतात कारण म्हणजे कार्याच्या आधी नेमाने असणारे आणि ‘अन्यथासिद्ध’ नसणारे. केवळ आधी असणे पुरत नाही. नव्यन्यायाच्या पाठ्यग्रंथांत यासाठी घटाचे उदाहरण येते. माती, चाक, दंड आणि कुंभार ही घटाची कारणे. पण माती वाहून आणणारे गाढव, कुंभाराचा बाप किंवा दंडाचा रंग ही कारणे नव्हेत. त्यांना वगळूनही घट कसा झाला हे पुरते सांगता येते. संगणकाच्या दुरुस्तीत अशी गाढवे पुष्कळ भेटतात. चापट हे त्यातले फसवे उदाहरण. ती कारण नव्हे, पण निरर्थकही नव्हे: चापटीने यंत्र वारंवार चालू होत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे, रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली नाही किंवा तिच्या संपर्कपट्ट्यांवर थर साचला आहे, असे अनुमान निघते. म्हणूनच कारागीर रॅम काढून तिच्या कडेवरून खोडरबर फिरवतात. तो उपाय हास्यास्पद दिसतो, पण त्यामागे तर्क आहे.

एकटे कोणतेही कारण कार्य घडवत नाही. घडवते ती कारणांची संपूर्ण सामग्री. ती पूर्ण असेल तर कार्य होणारच, आणि झाले नाही तर सामग्रीत काहीतरी उणे आहे. संगणकाची सामग्री अशी: भिंतीतून 230 व्होल्टचा दाब एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत येतो. यंत्र बंद असतानाही एसएमपीएस 5 व्होल्टचा एक राखीव दाब मदरबोर्डला पुरवत असतो. बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसची हिरवी तार शून्य दाबाला नेतो, त्यासरशी 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे मुख्य दाब सुरू होतात. ते स्थिर झाले असा इशारा एसएमपीएसने दिला तरच प्रोसेसर कामाला लागतो. हा इशारा सेकंदाच्या काही दशांशांत यावा लागतो. म्हणजे ‘यंत्र लहरी आहे’ या वाक्याला न्यायमतात जागा नाही. लहर नावाचा पदार्थ नाही. साखळीतला एखादा दुवा कधी असतो आणि कधी नसतो, एवढेच.

तो दुवा ओळखण्याची रीत म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक: हे असेल तर ते असते, हे नसेल तर ते नसते. कॅबिनेटचे बटण खराब असल्याची शंका असेल तर बटणाची जोडणी काढून मदरबोर्डवरच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. एसएमपीएसची शंका असेल तर खात्रीचा दुसरा लावून पाहायचा. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, जादा रॅम, मागचे पुढचे यूएसबी, सारे काढून किमान भागांवर यंत्र चालवायचे आणि मग एकेक परत जोडायचा. एका वेळी दोन बदल केले की व्यतिरेक हातचा जातो. रॅमही पुसली आणि वायरही बदलली, तर यंत्र चालू झाले तरी ज्ञान काही झाले नाही. एसएमपीएसचे झाकण मात्र उघडू नये. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो.

सामग्रीत एक विचित्र घटक असतो, तो म्हणजे अभाव. अग्नी आहे, लाकूड आहे, तरी चंद्रकांत मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही, असा दाखला जुने ग्रंथ देतात. मीमांसक म्हणतात, अग्नीत दाहाची शक्ती नावाचा वेगळा पदार्थ असतो आणि मणी ती नष्ट करतो. नैयायिकांना हा पदार्थ मान्य नाही. त्यांच्या मते प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारणच आहे. कोपरगावकरांना याचे उदाहरण परके नाही. गोदावरीच्या पात्रातले कोपरगावचे बेट ही शुक्राचार्यांची भूमी मानली जाते, तिथे त्यांचे मंदिर आहे, आणि संजीवनी हा शब्द तालुक्यातल्या साखर कारखान्यापासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत रुळलेला आहे. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांची संजीवनी विद्या त्यांच्या मारल्या गेलेल्या शिष्याला, कचाला, दर वेळी उठवते. ते नियत कारण. पुढे त्यांची मुलगी देवयानी कचाला शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. कच उत्तर देतो की मला न फळो, मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. विद्या जशीच्या तशी आहे, फक्त त्याच्यापुरता प्रतिबंधक उभा आहे.

संगणकात हे अगदी शब्दशः घडते. मदरबोर्डखाली एखादा जादा स्क्रू राहिला, किंवा यूएसबीच्या तोंडातली वाकलेली पिन दुसरीला टेकली, तर एसएमपीएसमधली संरक्षक व्यवस्था क्षणात पुरवठा तोडते. सगळे भाग निरोगी, तरी यंत्र बंद. नवा एसएमपीएस आणला तरी तोही तसाच बंद पडतो, आणि मालक दुकानदाराला दोष देतो. इथे नैयायिक मीमांसकांपेक्षा उपयोगी ठरतात: शक्ती गेली म्हणणारा भाग बदलत बसतो, प्रतिबंधक शोधणारा स्क्रू काढतो.

कारण कधीकधी कॅबिनेटच्या बाहेर असते. उसाच्या पट्ट्यात एकाच रोहित्रावरच्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की दाब उतरतो, आणि त्या वेळेपुरता संगणक उठत नाही. थंडीत न उठणारा आणि काही प्रयत्नांनंतर उठणारा संगणक बहुधा म्हाताऱ्या कपॅसिटरचा असतो: आतला द्रव सुकत आलेला असतो, थंड असताना त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात तो जरासा तापतो. अशा वेळी यशस्वी प्रयत्नाचे श्रेय शेवटच्या उपायाला देणे ही उघड चूक, कारण खरे काम आधीच्या अपयशांनी केलेले असते.

आता देवाचा प्रश्न. खंडेनवमीला अवजारांबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागते, आणि दुसऱ्या दिवशी तो निमूटपणे चालू झाला तर पूजा फळली असे म्हटले जाते. हा केवळ अंधश्रद्धा आणि विज्ञान यांचा झगडा नाही. नैयायिक ईश्वरवादी होते. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’ ईश्वराच्या सिद्धीसाठीच लिहिली. तरीही त्यांच्या मांडणीत ईश्वर, काल, दिशा आणि अदृष्ट ही साधारण कारणे आहेत, म्हणजे प्रत्येक कार्याची समान कारणे. जे सगळ्यालाच कारण आहे ते मंगळवारी चालू आणि बुधवारी बंद यातला फरक सांगू शकत नाही. त्यासाठी असाधारण कारण शोधावे लागते. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माच्या पाच कारणांत दैव पाचवे आहे, उरलेल्या चारांऐवजी नाही. पूजा कृतज्ञता म्हणून केली तर तिच्यावर तर्काचा काहीच आक्षेप नाही. आक्षेप येतो तो तिला एसएमपीएसच्या जागी बसवल्यावर.

एक शंका तरीही उरते. दहा वेळा चालू झालेला संगणक अकराव्यांदा होईल हे कशावरून? चार्वाकाने हाच प्रश्न सर्व अनुमानांना विचारला होता. उदयनाचे उत्तर असे की शंकेला व्यवहाराची सीमा असते. धुरासाठी अग्नी पेटवणारा माणूस अग्नी धुराचे कारण आहे की नाही अशी शंका खऱ्या अर्थाने घेत नसतो. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्य’त हे उत्तर त्याच्यावरच उलटवले: व्याघात, म्हणजे शंका आणि वागणे यांतला विरोध, दाखवायचा तर शंका गृहीत धरावीच लागते. वादात श्रीहर्ष सरस वाटतो. दुरुस्तीच्या बाकावर मात्र शंका निर्माण करणाऱ्या परिस्थितीतच तिची परीक्षा होते: थंडीत न उठणाऱ्या यंत्राची रात्रभर बंद ठेवून पहाटे, कमी दाबाने अडणाऱ्याची मोटारी चालू असताना, आणि सैल जोडाच्या यंत्राची कॅबिनेट हलवून जागा बदलल्यावर. दुपारी दुकानात दहा वेळा चालू झाले, याला पुरावा म्हणत नाहीत.