गटाराचे पाणी आणि शिफा

इशाच्या नमाजनंतर एका वयस्क चाचांनी मला थांबवले. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेली; अँटिबायोटिके बदलून झाली, तरी जंतू दाद देईनात. नातवाने त्यांना फाज-उपचाराविषयी सांगितले होते. "मौलाना, हे विषाणू म्हणे गटाराच्या पाण्यात सापडतात. मग ती दवा पाक कशी?"

फाज हा जीवाणूंवरच जगणारा विषाणू. तो जीवाणूत शिरतो, आत वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशींना त्याची बाधा होत नाही. आपल्या चांदवडवरून जाणारा महामार्ग ज्या आग्र्याला पोहोचतो, तेथे काम करणाऱ्या हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये लिहून ठेवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढे अनेकांनी त्याचे श्रेय फाजला दिले. त्याला हे नाव मिळाले १९१७ मध्ये, देरेल यांच्याकडून. जेथे जंतू, तेथेच त्यांचा काळ; म्हणून शोध गटारात.

गटाराचे पाणी नजिस आहे, यात वाद नाही. परंतु कुपीत ते पाणी नसतेच. ते गाळून फाज वेगळा करतात, प्रयोगशाळेत त्याच्या पिढ्यामागून पिढ्या वाढवतात आणि मग शुद्ध करतात. विहिरीत नजासत पडली तर हनफी फुकहांनी विहीर बुजवायला नव्हे, पाणी उपसायला सांगितले. शंका घ्यायचीच तर, माझ्या मते, जंतू वाढवण्याच्या खाद्याविषयी घ्यावी: ते मांसापासूनही बनते, मग मांस कोणत्या प्राण्याचे? तेथेही, दुसरा इलाज नसेल आणि जाणकार, विश्वासू डॉक्टर सांगत असेल, तर अनेक हनफी उलेमांनी मुभा दिली आहे. अखेरचा फतवा अर्थातच मुफ्तींचा.

मी चाचांना विचारले, "आधीच्या गोळ्या कशा घेतल्या?"

"बरे वाटले की सोडायचो. उरलेल्या शेजाऱ्याला द्यायचो, त्यालाही ताप यायचा."

आजारासोबत अल्लाहने उपचारही उतरवला, हे आपण मिंबरवरून सांगतो. तो उपचार आपल्या हातांनी निकामी झाला तर? विनाकारण घेतलेल्या औषधाला सरावलेला जंतू उद्या दुसऱ्याच्या बाळालाही ग्रासू शकतो. हा हुकूकुल-इबादचा प्रश्न आहे, आणि मला तो कुपीच्या प्रश्नाहून भारी वाटतो.

तिबिलिसीत १९२३ पासून फाजची संस्था आहे. आपल्याकडे हा उपचार सहज मिळत नाही. जखमेतील पू तपासून कोणते औषध लागू पडते ते पाहावे, म्हणून मी चाचांना सर्जनकडे जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फजरला ते पिशवी घेऊन आले. फडताळातल्या उरलेल्या गोळ्या होत्या.


"यांचे काय करू?" त्यांनी विचारले.