दोन श्रेयांकांचा विषय

पनवेलची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. नव्या शैक्षणिक धोरणात तिथे सत्राला २० ते २२, म्हणजे वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक मिळवायचे असतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. मुख्य विषयांना मुलं जपतात. मागे पडतो तो दोन श्रेयांकांचा छोटा विषय, सही न घेतलेलं जर्नल, उद्यावर ढकललेली प्रोजेक्टची फाइल. मग एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊनच पुढे जाणं, आणि पुढच्या सत्राच्या अभ्यासावर जुनं ओझं. हुशार मुलांचंही असं होतं, याचं फार वाईट वाटतं. मित्रांनो, आज गुणपत्रिका काढा, श्रेयांकांची बेरीज करा. कमी भरली, तर लाजू नका. उद्याच आपल्या सरांना, मॅडमना भेटा.