आधी वस्त्र, मग धम्म





वर्षावास सुरू आहे. या काळात आपल्या पत्रात दर वेळी कुणीतरी एक विषय मांडतं. या वेळी पाळी माझी आहे. मी काही पाली भाषेची अभ्यासक नाही. एम.टेक. झालेली, कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरची नोकरी करणारी, दोन मुलांची आई आहे. पण गेली सहा वर्षं महिन्यातून तीन रात्री मी आणखी एक काम करते. त्या कामातून मला धम्म जसा कळला, तसा तुमच्यासमोर ठेवते.

लैंगिक अत्याचार किंवा मानवी तस्करीतून सुटून आलेल्या मुलामुलींसोबत मी हॉस्पिटलात बसते. इथे याला 'क्रायसिस ॲडव्होकेट' म्हणतात. ॲडव्होकेट म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं, पण हे वकिलीचं काम नव्हे. रात्री दोनला फोन वाजतो. इमर्जन्सीत एक मुलगी आलेली असते, कधी मुलगाही असतो. नर्सचं काम तपासणीचं, पोलिसांचं काम तपासाचं. माझं काम एवढंच, की त्या खोलीत एक माणूस पूर्णपणे त्या लेकराच्या बाजूचं असावं. तपासणीच्या प्रत्येक पायरीवर तिला "नको" म्हणायचा हक्क आहे, हे तिला सांगायचं. पाणी द्यायचं. ती गप्प बसली तर आपणही गप्प बसायचं. यासाठी कॅलिफोर्नियात 40 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

माझ्या गाडीच्या डिकीत कायम एक पिशवी असते. तिच्यात नवी स्वेटपँट, टी-शर्ट, अंतर्वस्त्रं, मोजे आणि सपाता असतात. सगळं वेगवेगळ्या मापांचं. कारण अंगावरचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतले जातात. मग ते लेकरू हॉस्पिटलच्या कागदी गाऊनमध्ये घरी जाणार का? पहिल्यांदा ती पिशवी भरताना मला पटाचारा आठवली.

पटाचारेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली मुलगी. नवरा सर्पदंशाने गेला, एक मूल ससाण्याने नेलं, दुसरं नदीत वाहून गेलं. माहेरी निघाली, तर वादळात घर कोसळून आईवडील आणि भाऊही गेल्याचं कळलं. तिचं भान हरपलं. अंगावरचं वस्त्र गळून पडलं तेही तिला कळलं नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते, अंगावर माती फेकत होते. तशीच ती जेतवनात आली. तिथेही लोक तिला अडवू लागले. तथागतांनी तिला येऊ द्यायला सांगितलं. त्यांच्या शब्दांनी ती भानावर आली, आपण विवस्त्र आहोत हे कळून संकोचून खाली बसली. तेव्हा एका माणसाने आपलं उपरणं तिच्याकडे टाकलं. ते तिने पांघरलं आणि मग उपदेश झाला. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्रगण्य ठरली.

आपण ही गोष्ट सांगताना उपदेशावर भर देतो. त्या उपरणं देणाऱ्याचं नावही आपल्याला माहीत नाही. पण क्रम बघा. आधी येऊ दिलं, मग वस्त्र मिळालं आणि त्यानंतर धम्म. ज्याच्या अंगावर वस्त्र नाही त्याला अनित्यतेवर प्रवचन देणं ही करुणा नव्हे.

आता माझी एक चूक सांगते. प्रशिक्षणात आमच्याकडून नाट्यप्रसंग करून घेत. एक जण मुलगी व्हायचा, दुसरा ॲडव्होकेट. माझी पाळी आली तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला, "तू त्याच्यासोबत का गेलीस?" शिकवणाऱ्या बाईंनी मला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "या खोलीत 'का' हा शब्द वापरायचा नाही." मी इंजिनिअर. सिस्टिम बंद पडली की मूळ कारण शोधायची मला वीस वर्षांची सवय. पण माणसाला विचारलेला 'का' हा प्रश्न नसतो, आरोप असतो. "का गेलीस" म्हणजे "गेली नसतीस तर झालं नसतं."

त्या रात्री घरी येऊन मी उत्पलवर्णेची कथा पुन्हा वाचली. ती अरहंत भिक्खुणी होती. अंधवनात एकटी राहत असताना तिच्यावर बलात्कार झाला. करणारा कुणी परका नव्हता, तिचा मामेभाऊ होता, असं अट्ठकथा सांगते. विनयात तथागतांचा निर्णय स्पष्ट आहे: जिची संमती नाही तिच्याकडे कोणताही दोष नाही. 'ती तिथे एकटी का राहत होती' असं त्यांनी तिला विचारलं नाही. भिक्खुणींनी अरण्यात एकटं राहू नये असा नियम पुढे झाला, तो त्यांच्या संरक्षणासाठी. तिच्यावर ठपका ठेवून नव्हे. अडीच हजार वर्षांपूर्वी धम्मात जे ठरलं, ते आपल्या घरांत अजून ठरायचं आहे.

तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड आणि बंद ट्रक येतात. मी ज्या मुलांना भेटते त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात फोन असतो. सुरुवात ओळखीने होते, बरेचदा फोनवरच. कुणीतरी ऐकून घेतं, कौतुक करतं, भेटवस्तू देतं, 'माझी मैत्रीण' म्हणतं. मग एक दिवस म्हणतं, माझ्यासाठी एवढं कर. घरातून बाहेर पडलेली, पालनगृहांतून फिरलेली, आईवडिलांनी नाकारलेली मुलं यात आधी सापडतात. ज्याला कुणी नाही त्याला 'कुणीतरी' विकणं सोपं असतं. मुलगी सुटते आणि पुन्हा त्याच माणसाकडे जाते. एकदा नव्हे, अनेकदा. आपण चिडतो. पण तिच्या दृष्टीने तोच एकटा माणूस तिची चौकशी करणारा होता, हे आधी समजून घ्यावं लागतं.

अमेरिकेच्या 2000 सालच्या तस्करीविरोधी कायद्यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल आणि त्याला देहविक्रयात ओढलं असेल, तर जबरदस्ती किंवा फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. ती तस्करीच. 2017 पासून कॅलिफोर्नियात अशा मुलांवर वेश्याव्यवसायाचा गुन्हाही लावता येत नाही. कायद्याला हे उमगायला एवढा वेळ लागला. अंगुत्तर निकायातल्या वणिज्ज सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातल्या दुसऱ्याला 'सत्तवणिज्जा' म्हणतात. त्यात माणसांची खरेदी-विक्री येते. सम्यक आजीविका म्हणजे फक्त आपला पगार स्वच्छ असणं नव्हे. आपल्या आसपास माणूस विकला जात असताना डोळे मिटून घेतले, तर पगार स्वच्छ राहील, पण आपण राहू का?

"हे आपल्या लोकांत नसतं" असं मला कुणी म्हटलं की मी बर्कलीची गोष्ट सांगते. नोव्हेंबर 1999. शेकडो भाड्याच्या घरांचा मालक असलेला एक श्रीमंत भारतीय माणूस आंध्रातल्या आपल्या गावाकडून गरीब मुली इथे आणत होता. त्या दलित घरांतल्या होत्या, असं या प्रकरणाबद्दल लिहिलं गेलं आहे. त्याच्या एका घरात हीटरचा धूर कोंडून कार्बन मोनॉक्साइडने सतरा वर्षांची एक मुलगी मेली. त्या दिवशी गाडीने जाणाऱ्या एका अनोळखी बाईला दिसलं, की काही माणसं गुंडाळलेल्या गालिच्यासारखं काहीतरी नेत आहेत आणि एका रडणाऱ्या मुलीला व्हॅनमध्ये ढकलत आहेत. ती थांबली, मध्ये पडली आणि दुसऱ्या एका गाडीवाल्याकडून तिने पोलिसांना फोन करवला. नंतर बर्कली हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या वृत्तपत्रासाठी या प्रकरणाचा शोध घेतला. त्यांचा प्रश्न साधा होता: सतरा वर्षांची मुलगी शाळेत का नव्हती? इथे मात्र 'का' योग्य जागी विचारला गेला. 2001 मध्ये त्या माणसाला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्या भागात तेव्हाही आपली भारतीय माणसं राहत होती, दुकानं होती, सणवार होत होते. पण थांबली ती एक अनोळखी बाई.

आपल्याला तर हे नवं नाही. मुरळी, जोगतीण, देवदासी या नावांनी कुणाच्या मुली गेल्या, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळी प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. 16 जून 1936 रोजी बाबासाहेब मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, आराधी अशा स्त्रियांसमोर बोलले. धर्मांतराच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत त्यांनी या स्त्रियांना दूर ठेवलं नाही. हे जिणं सोडा, असं मात्र स्पष्ट सांगितलं. त्यांचं बोलणं कठोर होतं. ती कठोरता आज कुणाकडे वळवायची, हे आपण ठरवायचं आहे. मला वाटतं, विकणाऱ्याकडे, विकत घेणाऱ्याकडे आणि गप्प बसणाऱ्याकडे.

गप्प बसणाऱ्यांत मीही होते. म्हणून हे लिहिते आहे. आपल्या एका कार्यक्रमानंतरची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि जिची गोष्ट आहे तिने एवढं लिहायला हो म्हटलं आहे. मी भांडी आवरत होते. चौदा वर्षांची एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. "मावशी, तुम्ही ते हॉस्पिटलचं काम करता ना? माझ्या मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं." मी म्हणाले, "हो गं, आपण नंतर निवांत बोलू." हॉल दहापर्यंत रिकामा करायचा होता. ती "बरं" म्हणाली आणि गेली. ते नंतर यायला पाच महिने लागले. ती मैत्रीण ती स्वतःच होती. करणारा घरी येणारा-जाणारा, सगळ्यांच्या आदराचा माणूस होता.

रात्री दोनला अनोळखी मुलीसाठी मी तीस मैल गाडी चालवत जाते. आपली मुलगी हाताच्या अंतरावर उभी होती आणि मी पातेलं घासत होते. पुढे आम्ही सगळं रीतसर केलं. तक्रार झाली, समुपदेशन सुरू झालं. पण ते पाच महिने मी तिला परत देऊ शकत नाही. त्या काळात दोन-तीन वडीलधाऱ्यांनी मला फोन करून सांगितलं, "ताई, समाजाची बदनामी होईल, घरातल्या घरात मिटवू." त्यांचा हेतू वाईट नव्हता. इतकी वर्षं बदनामी सोसलेल्या समाजाला ती भीती वाटणारच. पण मी त्यांना एवढंच म्हणाले, की समाजाच्या अब्रूचं ओझं चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवायचं नसतं.

म्हणून वाचकहो, या वर्षावासात पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलावर जरा थांबा. आपण ते फक्त स्वतःपुरतं म्हणतो: मी करणार नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की माझ्यासमोर होऊही देणार नाही.

एखाद्या मुलाने तुम्हाला काही सांगितलं तर हातातलं काम खाली ठेवा. त्याच क्षणी. "माझा तुझ्यावर विश्वास आहे" आणि "यात तुझी चूक नाही" ही दोन वाक्यं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, ते तपास करणाऱ्यांचं काम आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "तुझ्या सुरक्षेसाठी ज्यांना सांगायला हवं त्यांनाच सांगेन" एवढंच म्हणा. मग फोन करा. तात्काळ धोका असेल तर 911. तस्करीचा संशय असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन 1-888-373-7888. भारतात मुलांसाठी 1098. व्हिसाची भीती वाटत असेल, तर तस्करीतून सुटलेल्यांसाठी टी व्हिसा आणि गंभीर गुन्ह्यांच्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, हे लक्षात ठेवा आणि चांगल्या वकिलाला विचारा. कागदांच्या भीतीने मूल मारेकऱ्याच्या ताब्यात ठेवू नका.

असोसिएशनच्या कार्यकारिणीलाही माझी एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या धम्मशाळेत कोणतंही मूल एका मोठ्या माणसासोबत एकटं राहणार नाही, नेहमी दोन जण असतील, असा लेखी नियम करावा. तो माझ्यासकट सगळ्यांना लागू असावा. कुणावर संशय आहे म्हणून नाही. भिक्खुणींसाठी नियम झाला तोही संशयाने नव्हता.

हे काम करून मन थकत नाही का, असं तुम्ही मला विचारता. थकतं. काही रात्री घरी आल्यावर गाडीतच बसून राहते. मग आनापान करते, दहा मिनिटं, जमेल तसं. मैत्री भावना करताना पूर्वी मी सगळ्या दिशांना मैत्री पाठवायची. आता आधी एका चेहऱ्याला पाठवते, आदल्या रात्रीच्या. तिथून ती पुढे पसरते.

सकाळी निघताना त्या मुलीच्या अंगावर नवी स्वेटपँट असते, कधी थोडी मोठीच होते. बाह्या दुमडून घेत कुणी हळूच विचारतं, "हे मी ठेवू का?" मी म्हणते, "तुझंच आहे." त्या क्षणी मी धम्माबद्दल एक शब्द बोलत नाही. बोलायची गरज नसते.

तुमच्या डिकीतही एक पिशवी असू द्या. कपड्यांची नसली तरी चालेल. कुणी शेजारी येऊन उभं राहिलं, तर हातातलं पातेलं खाली ठेवण्याइतकी जागा तिच्यात असली म्हणजे झालं.

सर्वांचं मंगल होवो. जय भीम.