वाट दाखवणारा कोण?

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याला प्रस्तावना होती विजय तेंडुलकरांची. ती लिहिण्याआधी तेंडुलकरांनी ढसाळांना सांगितलं, तुमचा भाग मला दाखवा. मग दोघं त्या वस्तीत हिंडले. मराठीतला पहिला 'लिटररी वॉक' कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी बिनदिक्कत हाच सांगेन. त्याला तिकीट नव्हतं. वाट दाखवत होता तो स्वतः कवी, आणि मागून चालत होता मराठी रंगभूमीवरचा त्या काळचा मोठा नाटककार.

आता मुंबईत अशा साहित्यिक फेऱ्या सुट्टीच्या दिवशी निघतात. जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात किपलिंग जन्मला ती जागा बघायची, काळा घोड्याला अरुण कोलटकर ज्या वेसाइड इनमध्ये बसायचे ते कुठे होतं हे ऐकायचं, गिरणगावात नारायण सुर्वे आठवायचे. आमच्या जालन्याच्या पोरांनाही हे आता लांब राहिलेलं नाही. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. पुस्तकातली गल्ली डोळ्यांनी बघताना अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही.

पण काळा घोडा वेगळा आणि कामाठीपुरा वेगळा. कामाठीपुऱ्यात आजही बायका दारात उभ्या असतात. तिथे वीस जणांच्या घोळक्याने थांबून 'गोलपिठ्या'तली कविता ऐकायची, याला काय म्हणायचं? कवितेचा आदर, की परवानगी न घेता कुणाच्या तरी घरात डोकावणं? त्या बाईने तो संग्रह वाचलेला असायची शक्यता कमी. तिच्यापुरतं बघायचं, तर काही लोक आले, तिच्याकडे बघून कुणा तिसऱ्याबद्दल बोलले आणि गेले. धारावीत फेऱ्या काढणाऱ्यांपैकी काहींनी फोटो काढायचे नाहीत असा नियमच केला आहे. चांगलं केलं. तरी कॅमेरा खिशात गेला म्हणून नजर खिशात जात नाही.

हे भांडण साहित्यात जुनं आहे. कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाडेंनी त्यावर टीका केली. तिचा मथितार्थ असा, की हा कवी जेजुरीला मुंबईहून सुट्टीत आलेल्या पर्यटकासारखा येतो आणि जातो. मला नेमाडेंचा प्रश्न पटतो, निकाल पटत नाही. बाहेरून बघणं हाच गुन्हा ठरवला, तर साहित्यातलं निम्मं कपाट रिकामं करावं लागेल. शिवाय हेच कोलटकर वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं बसून समोरचा तो तिकोना आणि फुटपाथवर राहणारी माणसं बघत राहिले. त्या कविता पुस्तकरूपात आल्या २००४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. एका चौकाला त्यांनी किती वेळ दिला बघा. फेरीतल्या आपण मंडळींनी त्याच चौकाला दिलेला वेळ असतो दहा मिनिटं.

तेंडुलकरही बाहेरचेच होते. पण काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे तिथे वाढलेल्या माणसाच्या हातात होतं. पाहुण्याला विचारावं लागत होतं. मला वाटतं, गोष्ट इथे ठरते. त्या वस्तीतलं कुणी वाट दाखवत असेल, 'इथे थांबू नका' म्हणायचा अधिकार त्याच्याकडे असेल, पैशातला वाटा त्याला मिळत असेल, तर मी जाईन. फक्त छान आवाजाचा बाहेरचा निवेदक असेल, तर त्यापेक्षा घरी बसून संग्रह वाचलेला बरा.

आता आमच्याकडे या. जालना जिल्ह्यात साहित्यिक फेरी काढायची म्हटलं, तर पहिलं नाव येतं घनसावंगी तालुक्यातल्या जांबचं. समर्थ रामदास १६०८ साली तिथे जन्मले. पण तिथे माणूस वाचक म्हणून जात नाही, चपला काढून दर्शनाला जातो. आत गेला, नारळ फोडला, बाहेर आला. जांबमध्ये आज कोण राहतं, पाणी कुठून येतं, ऊसतोडीला किती घरं कुलूप लावून जातात, याच्याशी त्या दर्शनाचा संबंध नसतो. मुंबईत वस्तीची सहल होते, आमच्याकडे गावाचं देऊळ होतं. दोन्हीकडे राहणारा माणूस बाजूलाच.

आणि ज्याच्यावर अजून कुणी लिहिलंच नाही, तिथे फेरी थांबणार कशी? गिरणगावावर सुर्व्यांनी लिहिलं म्हणून आज तिथे कुणी थांबतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर उठले. त्या टॉवरांच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळई आहे, आणि सळई म्हटलं की जालना. त्यातली थोडी तरी आमच्या एमआयडीसीत तयार झाली असेल. इथल्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडासमोर उभा राहणारा कामगार बऱ्याचदा बिहारचा नाही तर उत्तर प्रदेशचा असतो. तो कुठे झोपतो, काय गातो, हे कुंडलिकेच्या अलीकडच्या जुन्या जालन्याला माहीत नाही आणि पलीकडच्या नव्या जालन्यालाही नाही.

तसं आमचं गाव कवितेला परकं नाही. गुढीपाडव्याला इथे 'कवितेचा पाडवा' होतो, उर्दू आणि मराठी इथे एका गल्लीत वाढल्या. पण मिलमधल्या त्या पोराची भाषा भोजपुरी असेल किंवा मैथिली. पाळी सुटल्यावर औरंगाबाद रोडच्या कडेने तो मोबाइलवर बोलत चालत जातो. त्याच फोनमध्ये त्याने काही लिहून ठेवलेलं असेल, तर ते वाचून दाखव म्हणून त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.