खिडकीतलं शिळं पाणी

आपल्या गंगापूर तालुक्यात, कायगावला, प्रवरा गोदावरीला मिळते. जायकवाडीचा फुगवटाही इथवर येतो. पावसाळ्यात घरोघरी एकच चौकशी: धरण किती भरलं? पूर्ण भरल्याची पातळी १५२२ फूट.

माझ्या भाच्यानं या पातळीचा आलेख संगणकावर काढायला घेतला, ‘मॅटप्लॉटलिब’ वापरून. जॉन हंटर या मेंदूच्या अभ्यासकानं अपस्माराच्या रुग्णांचे मेंदूतले संकेत पाहता यावेत म्हणून ही फुकट मिळणारी साधनपेटी लिहिली. २००३ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली.

नवा आकडा भरला, तरी रेषा हलेना. वैतागून त्यानं पडद्यावरच्या आलेखाच्या खिडकीचा कोपरा ओढला, आणि रेषा टुणकन वर!

म्हणजे आकडा पोचला होता. चित्र पुन्हा काढायला कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकी लहानमोठी झाली की ते आपोआप नव्यानं निघतं, एवढंच. ‘सवड मिळताच पुन्हा काढ’ अशी एक ओळ हवी होती. ही सवडीची सूचना मला फार आवडली. लागोपाठ दहा आकडे आले तर दहादा खोडरबर चालत नाही, एकदाच काढून मोकळं. पण सवड तर मिळायला हवी! आकडे आपोआप भरायला लावल्यावर भाच्याचा प्रोग्राम अखंड फेऱ्या मारू लागला. खिडकीला श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. फेरीगणिक क्षणभर विसावा दिला.

रेषा हलली, चढली आणि चौकटीबाहेर गेली.

“मामा, पाणी कुठं गेलं?”

आलेखाची उभी मोजपट्टी जुनीच राहिली होती. तीही नव्यानं मोजायला सांगावी लागली.