आई-वडील: मालक की विश्वस्त?

मराठीत आई आपल्या मुलाला ‘काळजाचा तुकडा’ म्हणते, ‘पोटचा गोळा’ म्हणते. शब्द मायेचे आहेत, पण त्यांत एक हक्कही दडलेला आहे. काळीज माझं म्हणून तुकडाही माझा. एरवी हा हक्क कुणाला खुपत नाही. मुलीला भरतनाट्यम शिकवायचं की पोहणं, घरात मराठीच बोलायचं की नाही, शनिवारी मराठी शाळेत पाठवायचं की नाही, हे सगळं आपण मुलांना न विचारता ठरवतो आणि तसं ठरवणं भागही असतं. पण मुलाच्या पाठीवर शस्त्र चालवू द्यायचं की नाही हे ठरवायची पाळी येते, तेव्हा हा हक्क नक्की कुठून आला आणि कुठवर जातो, याचा विचार करावाच लागतो. आमच्यावर ती पाळी २०१६ साली आली. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. आपल्या समाजातल्या अनेक घरांत असे प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत असतात, म्हणून त्या काळात मनात आलेले विचार इथे मांडते आहे.

आधी आजाराविषयी थोडं सांगायला हवं. त्याचं नाव टेथर्ड स्पायनल कॉर्ड, म्हणजे दाव्याने बांधलेला मज्जारज्जू. गर्भात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या तळापर्यंत पोचलेला असतो. पुढे कणा भराभर वाढतो, मज्जारज्जू त्या मानाने कमी वाढतो, आणि त्याचं खालचं टोक वर सरकत जातं. मोठ्या माणसात ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ असतं. तिथून एक बारीक धागा माकडहाडापर्यंत जातो. त्याला फायलम टर्मिनाली म्हणतात. हा धागा एरवी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक आणि लवचीक असतो. काही मुलांत मात्र तो जन्मतःच जाड आणि चरबीचा असतो, ताणला जात नाही. मूल उंच होऊ लागतं आणि आखूड दाव्याने खुंट्याला बांधलेल्या वासरासारखी मज्जारज्जूची गत होते. या ताणामुळे मज्जातंतूंच्या पेशींना प्राणवायू नीट वापरता येत नाही, हे डॉ. शोकेई यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं. मग पाय दुखतात, चाल बदलते, पावलांचा आकार बदलतो, कण्याला बाक येतो, लघवी आणि शौचावरचा ताबा सुटू लागतो.

आमच्या मुलीचे रात्री पाय दुखायचे. वाढीच्या वयात अनेक मुलांचे दुखतात. पण तिच्या माकडहाडाच्या वर एक खळगा होता आणि शेजारी केसांचा छोटा झुपका होता. तो पाहून बालरोगतज्ज्ञांनी एमआरआय करायला सांगितला. मज्जारज्जूचं टोक चौथ्या मणक्याजवळ निघालं, धागा जाड निघाला. मूत्राशयाच्या दाबाची तपासणी झाली, तिचा निकाल अगदी काठावरचा होता. आणि ही सगळी चित्रं पडद्यावर दिसत असताना ती स्वतः दवाखान्याच्या बाहेर एका पायावर लंगडी घालत होती!

एका सर्जननी सांगितलं, आत्ताच करा. दुसऱ्यांनी सांगितलं, सहा महिने लक्ष ठेवा, तपासणी पुन्हा करू. दोघेही अनुभवी आणि दोघेही प्रामाणिक. लक्षणं स्पष्ट असतील तर शस्त्रक्रिया करावी यावर फारसा वाद नाही. लक्षणं नसताना किंवा अंधुक असताना काय करावं, यावर या क्षेत्रात खरोखरच मतभेद आहेत. मज्जारज्जूच्या टोकाला चरबीची गाठ असलेली, पण काही त्रास नसलेली मुलं शस्त्रक्रियेविना नुसती देखरेखीखाली ठेवल्याचा अनुभव पॅरिसच्या सर्जननी २००४ साली प्रसिद्ध केला. उलट अमेरिकेतले डॉ. डॅकलिंग पँग यांनी अशा गाठी शक्य तितक्या पूर्ण काढाव्यात असं पुढे आग्रहाने मांडलं. आमच्या मुलीला गाठ नव्हती, नुसता धागा होता. शस्त्रक्रिया त्या मानाने सोपी होती. पण सोपी असली तरी ती कण्यावरची.

असं संकट आलं की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो मागे बघणारा. ‘आमच्याच वाट्याला का?’ आमच्या नात्यातल्या एका वृद्ध बाईंनी फोनवर विचारलं, “ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. कारण सापडलं तर दुःख थोडं आवरतं, एवढंच त्यांना हवं होतं. पण या दोषाची सुरुवात गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत होते, आणि सूर्य-चंद्राच्या सावल्यांचा त्याच्याशी संबंध नाही. दुसऱ्या कुणी पूर्वजन्मीचं प्रारब्ध म्हणून समजूत घातली. मी कर्मसिद्धांत मानते. तरी मला असं वाटतं की त्याचा उपयोग मागे वळून दोष शोधायला केला, तर त्यात एक क्रूरपणा येतो. सात वर्षांच्या मुलीला तिचं कोणतं पाप दाखवणार? त्याच सिद्धांताची दुसरी बाजू पुढे बघणारी आहे: आता माझ्या हातात काय आहे आणि ते मी नीट करते आहे की नाही. आम्हाला तीच बाजू उपयोगी पडली.

पण हातात जे होतं ते आमचं नव्हतं. पाठ तिची होती. इथे मला आपल्या मंदिराचीच आठवण झाली. मंदिराचे विश्वस्त देवाचे दागिने सांभाळतात, त्यांची नोंद ठेवतात, गरज पडली तर दुरुस्तीला देतात. निर्णय तेच घेतात, कारण मूर्ती काही बोलत नाही. पण ते दागिने घालून ते मिरवत नाहीत, आणि हिशोब त्यांना द्यावा लागतो. आई-वडिलांचा अधिकार मला या जातीचा वाटतो. आपण मुलाच्या शरीराचे मालक नाही, विश्वस्त आहोत. मालक स्वतःच्या मनाप्रमाणे वागू शकतो. विश्वस्ताला मात्र स्वतःची भीती, स्वतःची हौस, लोक काय म्हणतील ही धास्ती, हे सगळं बाजूला ठेवून विचार करावा लागतो.

हे लिहायला सोपं आहे. आम्ही दोघांनी एका रात्री वही घेऊन बसून प्रयत्न केला. ‘थांबावं’ या बाजूला मी जी कारणं लिहिली, त्यातली निम्मी माझ्याविषयीची होती: तिला भूल दिलेली मला बघवणार नाही, काही बिघडलं तर मी जगू शकणार नाही. ती कारणं खरी होती, पण तिच्या खात्यातली नव्हती. ‘आत्ता करावं’ या बाजूला माझ्या नवऱ्याने लिहिलं होतं, ‘एकदाचं होऊन जाऊ दे.’ तेही त्याच्याविषयीचंच होतं. दोन्हीकडची अशी कारणं खोडल्यावर जे उरलं ते असं. शस्त्रक्रियेने पायांचं दुखणं थांबण्याची शक्यता चांगली असते. पण मूत्राशयावरचा ताबा एकदा गेला की तो पुरता परत येईल याची खात्री देता येत नाही. एका बाजूला शस्त्रक्रियेचे धोके: जंतुसंसर्ग, मज्जेभोवतालचं पाणी झिरपणं, क्वचित मज्जातंतूला इजा. दुसऱ्या बाजूला हळूहळू, न कळत होणारं आणि बहुधा न भरून येणारं नुकसान. सहा महिने थांबून तपासणी पुन्हा केली. आकडे थोडे खालावले होते. मग आम्ही ठरवलं.

राहिला प्रश्न तिला सांगण्याचा. तिने स्वतःच विचारलं होतं, “पाठ माझी आहे ना, मग मला विचारणार ना?” आजीचा पुण्याहून सल्ला आला, “डॉक्टरकाका नुसतं तपासणार आहेत म्हणून सांग, उगाच घाबरेल पोर.” युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य सांगितलं आणि त्याचा रथ जमिनीला टेकला, ही गोष्ट आपणच मुलांना सांगतो. मग स्वतःच्या मुलीशी अर्धसत्य कसं बोलायचं? या बाबतीत मला एका निवेदनाची मदत झाली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ते १९९५ साली काढलं होतं. त्यात म्हटलं आहे की ‘संमती’ माणूस खऱ्या अर्थाने स्वतःपुरतीच देऊ शकतो. आई-वडील देतात ती ‘परवानगी’. आणि मुलाला जितकं समजतं तितकं समजावून त्याचा रुकारही घ्यावा. मात्र मुलाच्या मताला वजन देणार नसाल तर ते विचारल्याचं नाटक करू नये. नको म्हटलं तरी उपचार होणारच असतील तर तसं सांगावं, फसवू नये.

म्हणून आम्ही तिला विचारलं नाही की ‘ऑपरेशन करू या का?’ तिला सांगितलं की करायचं हे आई-बाबांनी आणि डॉक्टरांनी ठरवलं आहे. दुखेल, पण दुखू नये म्हणून औषध मिळेल. कधी करायचं हे मात्र तू सांग. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही आठवड्यांनी फरक पडणार नाही. ती म्हणाली, “गणपतीचं लेझीम झाल्यावर.” त्या वर्षी गणपती सप्टेंबरमध्ये होते. तिने आपल्याच मंदिरात लेझीम खेळून घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये ती रुग्णालयात दाखल झाली. तिथल्या एका ताईंनी, त्यांना चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात, कापडी बाहुली आणून मास्क कसा लावतात, सलाईन कुठे लावतात, ते सगळं दाखवलं. मास्कला स्ट्रॉबेरीचा वास हवा हेही तिनेच निवडलं. छोट्या गोष्टी आहेत, पण त्या खरोखर तिच्या हातात होत्या.

शस्त्रक्रिया तीन तास चालली. मणक्याचा थोडा भाग उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली, विजेच्या बारीक झटक्यांनी प्रत्येक तंतू तपासून, शेवटी तो एक धागा कापला. पुढचे दोन दिवस तिला सपाट पडून राहायचं होतं, पाणी झिरपू नये म्हणून. कुशीवर वळवायचं तर दोघांनी ओंडक्यासारखं अख्खं वळवायचं. मंदिरातल्या भगिनींनी पाळ्या लावून वरण-भात पोचवला. सहा आठवडे वाकणं नाही, धावणं नाही. रात्रीचं पाय दुखणं महिन्याभरात थांबलं. मूत्राशयाचं मात्र पूर्ण सुधारलं नाही. ती आजही घड्याळ बघून ठराविक वेळेला जाते, आणि दर वर्षी तपासणी होते, कारण काही मुलांत मज्जारज्जू पुन्हा चिकटू शकतो.

त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याची ही दुसरी शस्त्रक्रिया होती. त्याची आई आमच्यापेक्षा जास्त वाचलेली, जास्त विचारणारी होती. काळजीत आणि प्रयत्नात ती कुठेच कमी पडली नव्हती. तिच्याशी बोलल्यावर ‘देवाने आमचं ऐकलं’ हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मग तिचं ऐकलं नाही का? आमच्या यशाला पुण्य म्हटलं तर तिच्या वाट्याला आलेल्या दुःखाला काय म्हणायचं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना क्रिया, आणि पाचवं दैव. दैव नाही असं गीता म्हणत नाही, पण त्याला पाचवी जागा देते. शस्त्रक्रियेच्या बाबतीत मला हे अक्षरशः पटलं. शरीर, सर्जन, उपकरणं, चाललेल्या असंख्य हालचाली, आणि मग जे कुणाच्याच हातात नाही ते. पहिल्या चार गोष्टींची जबाबदारी माणसाची. पाचवीचं श्रेय मी घेऊ नये आणि तिचा दोष शेजारच्या आईला देऊ नये. निर्णय चांगला होता की वाईट, हे तो घेताना आपण काय जाणून घेतलं आणि कुणाचं हित पाहिलं यावरून ठरवावं, फळावरून नव्हे. फळाची आसक्ती सोडणं याचा अर्थ बेफिकिरी असा मी कधीकाळी समजत असे. आता मला त्यात त्या दुसऱ्या आईविषयीचा न्याय दिसतो.

तरुण आई-वडिलांना एक व्यवहारातली गोष्ट सांगते. बाळाला न्हाऊ घालताना पाठीकडे नीट बघा. कमरेच्या खाली मध्यभागी वरच्या बाजूला खळगा, केसांचा झुपका, लाल डाग किंवा मऊ गाठ दिसली तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा काही नसतं. पण बघून घेणं हे विश्वस्ताचं काम आहे.

माझी मुलगी अठरा वर्षांची झाली की इथल्या कायद्याप्रमाणे तिचे वैद्यकीय कागद तिच्या ताब्यात जातील. आम्ही फाइल तयार ठेवली आहे: एमआरआयच्या सीडी, शस्त्रक्रियेचा अहवाल, दर वर्षीच्या तपासण्या, आणि आम्ही तेव्हा काय आणि का ठरवलं हे सांगणारी वहीतली ती दोन पानं, खोडलेल्या ओळींसकट. ती वाचून ‘मी असते तर वेगळं ठरवलं असतं’ असं ती म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो तसं बुद्धिदाताही म्हणतो. मुलांसाठी काही मागताना त्याचं हे दुसरं नावही आपण लक्षात ठेवू या.